हिरव्या खुणेची कॅसेट

अक्काचा फोन आला की बोलायचं मी आणि टकटक करायची तिनं. घशाच्या कॅन्सरमुळं मिरजेत ऑपरेशन करून तिचं स्वरयंत्र काढलं, तेव्हापासूनची आमची ही पद्धत. मी पलूसहून विचारणार, "अक्का, बरं हाय न्हवं?" आणि ती फोनवर बोटानं एकदा वाजवणार, म्हणजे सगळं ठीक. दोनदा वाजवलं तर निघून ये. त्या दिवशी सकाळी मी चहाचा कप हातात घेतला आणि फोन वाजला. टकटक सुरू झाली ती थांबेचना. दोन, चार, दहा… मी नुसता "अक्का, अक्का" करत राहिलो. मिरजेला पोचलो तेव्हा शेजारचे चार लोक दारात उभे होते, दाजी पलंगावर आडवे होते आणि अक्काच्या मुठीत फोन तसाच होता.

दाजी गेले त्याला आज महिना उलटून गेला. दाजी म्हणजे भूपाल मगदूम, माझ्या थोरल्या बहिणीचे, पद्मावतीचे यजमान. आमच्या भागातल्या एका रेडिओ केंद्रात त्यांची सगळी नोकरी गेली. हंगामी म्हणून लागले आणि संगीत विभागाचे प्रमुख होऊन निवृत्त झाले. असल्या लेखात गेलेल्या माणसाचे गुण सांगायचे असतात, ते मी सांगणारच आहे. पण दाजींचा जो सगळ्यात मोठा गुण, त्यानंच त्यांच्या घराचं वाटोळं केलं. ते लपवून लिहिलं तर अक्काला तोंड दाखवता येणार नाही मला.

दिवसभरात कुठलं गाणं कधी लागणार हे ठरवणं हे दाजींचं काम, आणि ते काम ते स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या काळजीनं करत. सकाळी जड काही वाढायचं नाही, दुपारी बायका जरा टेकतात तेव्हा भावगीत, संध्याकाळी धारा काढायच्या वेळी भजन. खेड्यातली भजनी मंडळं ते स्वतः जाऊन ऐकायचे आणि रेकॉर्डिंगला बोलवायचे. वशिला मात्र चालायचा नाही. आवाजाची चाचणी पडद्याआडून व्हायची, म्हणजे परीक्षकाला गाणाऱ्याचा चेहरा दिसू नये. तरी त्यांचा सख्खा चुलता एकदा गुळाची ढेप घेऊन आदल्या दिवशी घरी आला. दाजींनी चुलत्याला जेवू घातलं, ढेपेसकट एसटीत बसवून दिलं आणि चाचणीला बसूच दिलं नाही. चुलता मरेपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही. आम्ही घरात हा किस्सा हसत हसत सांगायचो.

अक्का त्याच पडद्याआडून गाऊन पास झालेली. लग्नाआधीपासूनची रेडिओची कलाकार होती ती. लग्नानंतर चारदोन रेकॉर्डिंगं झाली, मग दाजी विभागाचे प्रमुख झाले आणि त्यांनी तिला बोलावणं बंद केलं. "लोक म्हणतील, घरचीच बाई गाती." अक्कानं वाद घातला नाही. ती भाकऱ्या थापताना गायची, निवडणं निवडताना गायची. मी सुट्टीला गेलो की ओट्याशी पाट टाकून बसायचो.

मग तो टेपांचा प्रकार झाला. केंद्रात नव्या टेपांची टंचाई होती, तेव्हा जुन्या पुसून पुन्हा वापरायच्या असं ठरलं. कुठल्या ठेवायच्या आणि कुठल्या पुसायच्या हे दाजींनी ठरवायचं होतं. खोक्यावर हिरवी खूण केली की जपायची, लाल फुली मारली की पुसायची. त्यांच्या हाताखालच्या प्रत्येकानं आपापल्या माणसाचं एखादं खोकं हिरव्यात सरकवलं. दाजींनी पहिली लाल फुली मारली ती अक्काच्या टेपांवर. पाचच्या पाच. आणि घरी येऊन जेवताना अभिमानानं सांगितलं. मी समोरच होतो.

मी म्हटलं, "दाजी, एक तरी ठेवायची हुती की."

"मास्तर, घरचं मानूस म्हणून ठेवली तर दुसऱ्याची कुठल्या तोंडानं पुसू? आणि तुझी अक्का हितंच हाय की. रोज गाती."

अक्का वाढत होती. ती एवढंच म्हणाली, "तुमी केलं म्हंजे बरोबरच असंल." आणि त्यांच्या ताटात आमटी वाढून आत गेली.

मला दाजींचा राग आला, तो पुढं वर्षानुवर्षं टिकला. पण खरं सांगायचं तर माझ्या घरी टेपरेकॉर्डर होता. शाळेत नोकरी लागल्यावर हौसेनं घेतला होता आणि त्यात ढीगभर सिनेमाची गाणी भरली होती. बहिणीचं एक गाणं भरून घ्यावं, हे मला तरी कुठं सुचलं? ती इथंच होती ना.

दाजी निवृत्त झाले आणि दुसऱ्या वर्षी अक्काचा आवाज बसला. खोकला समजून वर्षभर काढे झाले. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं तेव्हा त्या आवाजात गाणं उरलंच नव्हतं, भरून ठेवायचं काय? ऑपरेशन झालं, अक्का वाचली. गळ्याला पडलेल्या भोकातून ती श्वास घेऊ लागली आणि लागेल ते वहीत लिहू लागली. घरात एवढी शांतता झाली की कुकरची शिट्टी झाली तरी दाजी दचकायचे.

दाजी खचले ते तेव्हा. पाचसहा महिन्यांनी त्यांनी पिशवी उचलली. केंद्राला नेमानं पत्रं पाठवणाऱ्या श्रोत्यांची नावंगावं त्यांना पाठ होती. त्यातल्या कुणी रेडिओवरून अक्काचं गाणं भरून घेतलं असेल, या एका आशेवर ते गावोगाव हिंडू लागले. काही वेळा मी बरोबर गेलो. लोक चहा द्यायचे, माळ्यावरून कॅसेटींची पेटी काढायचे. कुठं फीत तुटलेली, कुठं उंदरांनी खाल्लेली… दाजी प्रत्येक कॅसेट दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐकायचे.

मलकापूरला फौजेतून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना दारातच विचारलं, "आवं साहेब, समदी गाणी तर तुमच्याकडंच असत्याल की. रेडिओचं साहेब आमच्या दारात गाणं मागाया आलं व्हय?"

दाजी म्हणाले, "मीच पुसली." तेवढंच. म्हाताऱ्यानं त्यांचा हात धरून आत नेलं.

त्याच्याकडं निघालं. रेडिओवर त्याच्या गावाचं नाव घेतात म्हणून त्यानं एकदा रजेवर असताना भरून घेतलं होतं. नेमका त्या दिवशी निवेदक आला नव्हता, म्हणून दाजीच बोलायला बसले होते. त्यांचा तरणा, खणखणीत आवाज: "मलकापूरच्या श्रोत्यांच्या पत्रावरून ऐकू या भावगीत. गायिका, पद्मावती मगदूम." मग पेटीचे दोन सूर, मग अक्कानं गाण्यासाठी घेतलेला श्वास… आणि खट्. पुढं म्हाताऱ्याच्या पोराच्या बारशाचा पाळणा. बारसं त्यानं त्याच कॅसेटवर भरलं होतं, आणि बारशासाठीच ती इतकी वर्षं जपली होती. दाजींनी ती भूक लागल्यासारखी पाच वेळा ऐकली. म्हातारा म्हणाला, "घिऊन जावा साहेब. पोरगा मोटा झाला आता."

घरी आल्यावर दाजींनी खोक्यावर हिरवी खूण केली आणि अक्काला ती लावून दाखवली. श्वास आला तसे ते रडायला लागले. "एवढाच घावला गं. एकदा तरी रागव माझ्यावर." अक्कानं वहीत लिहिलं, "रागवायला आवाज लागतो," आणि उठून आत गेली. ती वही दाजींनी मला नंतर दाखवली. तिनं माफ केलं नाही, असं ते शेवटपर्यंत धरून बसले. मलाही तसंच वाटत होतं, आणि वाईट म्हणजे मला ते बरोबरही वाटत होतं. अजून एखादी कॅसेट मिळेल म्हणून ते हिंडतच राहिले. मिळाली नाही. गेले त्याच्या आदल्या दिवशीही पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

परवा मी मिरजेला गेलो. दाजींच्या खोलीत टेबलावर टेपरेकॉर्डर, शेजारी ते हिरव्या खुणेचं खोकं. अक्का खुर्ची ओढून बसलेली, मी आल्याचं तिला कळलं नाही. तिनं बटण दाबलं. "…गायिका, पद्मावती मगदूम." तिनं कॅसेट थांबवली, मागं घेतली, पुन्हा लावली. पुन्हा तिथंच थांबवली. पेटीचे सूर नाहीत, श्वास नाही, पाळणा नाही.

मी म्हटलं, "अक्का, तुझं पुढं हाय की."

तिनं मान हलवली आणि वही ओढून लिहिलं, "ते माझं. हे त्यांचं. उभ्या जन्मात घरात त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही."

आमच्याकडं नवरे बायकोला नावानं हाक मारत नसत. "अगं" म्हणत, "ऐकलं का" म्हणत. दाजींनीही कधी मारली नव्हती, हे मला तिथं उभं राहिल्यावर आठवलं.

"हे त्यांना सांगितलंस का कवा?" मी विचारलं.

अक्कानं पेन वहीवर ठेवलं. मग तिनं कॅसेट मागं घेतली.