उंबराखालचा देव्हारा

बयाबाईने तो देव्हारा लांबूनच ओळखला. पोलादपूरच्या बाहेर, तिच्या वाडीकडे चढणारी पायवाट जिथे डांबरी रस्ता सोडते, तिथल्या उंबराखाली तो ठेवलेला होता. देव्हारा कुणी जाळत नाही, भंगारातही देत नाही. लोक तो झाडाखाली ठेवतात आणि मागे न बघता घरी जातात.

कळसाचा टवका उडालेला होता. सरितावहिनींच्या मागच्या दारी रतिबाचं दूध ओतताना तो टवका तिने कित्येक वर्षं पाहिला होता. आता ते घर पाडलं होतं, तिथे इमारत उभी राहिली होती आणि वहिनींच्या ब्लॉकमध्ये संगमरवरी देव्हारा आला होता.

तिने पदराची चुंबळ केली, देव्हारा डोक्यावर घेतला आणि रिकाम्या किटल्या हातात धरून चढायला लागली. वाटेत भेटलेल्या दोघा गुराख्यांनी थांबून हात जोडले. आत कोणी नाय, असं सांगायचं तिच्या ओठावर आलं. पण डोक्यावर ओझं असताना बोलायचं तरी कसं?

तिच्या घरचे देव वेळूच्या टोपलीत होते. सासऱ्याच्या बापाच्या काळी माणसं गुरांमागे रानोमाळ हिंडायची, देवही टोपलीत बसून त्यांच्याबरोबर जायचे. पुढे माणसांनी भिंती घातल्या, कौलं चढवली. देव तेवढे निघायच्या तयारीत राहिले. गेल्या पावसाळ्यात उंदरांनी टोपलीचं बूड कुरतडलं आणि खंडोबा नाचणीच्या कणगीत पडला. तेव्हापासून बयाबाईने मनाशी धरलं होतं, की येत्या दसऱ्याला देव नीट बसवायचे.

देव्हाऱ्याचा एक पाय वाळवीने पोकळ केला होता. तिने तो कापून ऐनाच्या लाकडाचा तुकडा बसवला. काचेच्या तुकड्याने रंग खरवडला. वर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली धुराने काळं पडलेलं सागवान. पुन्हा वाळवी नको म्हणून पायांना आणि पाठीला जळकं ऑइल चोळलं.

"देवाच्या घराला ट्रकचा वास मारतोय गो," कोंडाजी, तिचा नवरा, ओसरीवरून म्हणाला.

"तुमच्या विडीपरीस बरा."

खालचा कप्पा पावसाने फुगून अडकला होता. तो उन्हात दोन-तीन दिवस वाळू दिला, मग हळूहळू ओढून काढला. आत मेणाचे थेंब, कापसाची वात, आणि मागच्या फटीत एक टाक. चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव. हात लागून लागून त्याचा चेहरा पार पुसला होता. घोडा नाही, त्रिशूळ नाही. देव की देवी, तेही कळेना.

कोंडाजी उठून उभा राहिला. "म्हंजे घर रिकामं नाय. दुसऱ्याच्या घरात आपले देव नाय बसवायचे. ज्याचा त्याला देऊन ये."

दुसऱ्या दिवशी दूध ओतून झाल्यावर बयाबाईने पदराची गाठ सोडली. सरितावहिनींनी टाक उलटसुलट करून पाहिला.

"आमचा असेलही. सासूबाई होत्या तोवर सगळं त्याच बघायच्या. आता गुरुजींनी नव्या देव्हाऱ्यात विधी करून देव बसवलेत हो. पुन्हा सगळं कुठे हलवायचं? राहू दे तुमच्याकडे."

"ठेवीन वैनी. पन ह्यो खातो काय?"

"कोण?"

"देव. आमचे मटनाचे हायेत. दसऱ्याला बोकड असतो. ह्याला चालंल?"

वहिनी हसल्या. मग हसू ओसरलं. "सासूबाईंना विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

उतरत्या उन्हात बयाबाई वाडीवर पोचली. कप्प्याच्या कडा तासल्या, मेण घासलं. आता तो एका बोटाने सरकत होता. तळाला तिने लाल खणाचा तुकडा अंथरला आणि टाक त्यावर ठेवला.

"ही त्याची खोली," ती कोंडाजीला म्हणाली. "वरचा मजला आपला. आता कुनाचं घर कुनी बळकावलं नाय."

कोंडाजीने कप्पा एकदा उघडला, एकदा लावला. "भाडं घेनार काय गो पाव्हन्याकडनं?" एवढंच म्हणाला, आणि टोपली उतरवायला आत गेला.

दसऱ्याला सकाळी तिने कप्प्यात दूधभात दाखवला. दुपारी मटणाचं ताट वरच्या देवांपुढे आलं, तेव्हा कप्पा आत लोटला. जेवणं उरकली, जमीन सारवून झाली, मग पुन्हा उघडला.

दुसऱ्या दिवशी दूध घेताना वहिनींनी विचारलं, "बसवले का देव?"

"बसवले."

"आणि तो?"

"बरा हाय. त्याला दूधभात देतो आमी."

वहिनी पातेलं घेऊन दारातच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पळीभर दूध परत किटलीत ओतलं.

"एवढं त्याला."

घरी चार म्हशी होत्या. बयाबाईने किटलीला झाकण लावलं आणि ते पळीभर दूध न सांडता वर नेलं.