उघड्या लाकडाची खुर्ची

आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावून सांगितलं, आता जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही. माझे वडील आयुष्यभर लूमसमोर उभे राहिले आणि घरी आले की फरशीवर बसले. उभं राहणं आणि फरशी यांच्यामध्ये खुर्ची नावाची काही सोय असते, हे त्यांनी कधी मनावर घेतलंच नव्हतं. प्लास्टिकची खुर्ची दिली तर म्हणाले, "हालस ती." सोफ्यावर बसवलं तर, "बुडी राह्यनू ना भो मी!" आणि आमची जरा पाठ वळली की भिंतीला धरून हळूच खाली. गुडघा पुन्हा सुजायला लागला. डॉक्टर मला रागावले, मी आबांना रागावलो, आबा भिंतीकडे बघत बसून राहिले. खालीच.

म्हणून मी हलणार नाही आणि बुडवणार नाही अशी खुर्ची शोधायला निघालो.

ती बमरोलीतल्या एका भंगाराच्या गोदामात सापडली. कुठल्यातरी बंद मिलच्या ऑफिसातला माल आला होता. लोखंडी कपाटांमागे ती तिरक्या पायांवर उभी होती. रुंद हात, किंचित मागे रेललेली पाठ, अंगावर हिरव्या रंगाचे पापुद्रे. भंगारवाला गुजरातीत म्हणाला, "साहेब, अंदर असल साग छे!" मी जाणकारासारखी मान हलवली. सागाची माझी ओळख लग्नात भेटणाऱ्या लांबच्या नातेवाइकांइतकीच: चेहरा पाहिल्यासारखा वाटतो, पण खात्री नसते.

रिक्षात खुर्ची बसली आणि मी खुर्चीच्या मांडीवर. गोडादऱ्याला घरी पोचलो तर मुलीने मोबाईल काढला. "पप्पा, याला मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणतात! लोक शोधत फिरतात."

"म्हणजे जुनी," बायको म्हणाली. "गच्चीवर ठेवा."

गच्चीवर माझं कारागिरीचं पर्व सुरू झालं. याआधी घरात मी फक्त बल्ब बदलला होता, तोही आबांनी स्टूल धरल्यावर. आता रिमूव्हर लावून हिरवा रंग खरवडला तर खाली गुलाबी निघाला, गुलाबीखाली राखाडी. खरवडताना निखळलेला एक पाय मी इतकं मन लावून चिकटवला की तो उलटा बसला आणि खुर्ची येणाऱ्याजाणाऱ्याला वाकून नमस्कार करू लागली. तो परत काढताना मी जे बोललो ते शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या मावशींनी ऐकलं आणि पापड आत नेले. वेताची बैठक विणणारा एक म्हातारा कारागीर भेटला म्हणून बरं, नाहीतर तीही मीच विणली असती.

शेवटी लाखेचं पॉलिश चढलं. लाकडाला कडक चहाचा रंग आला, रेषा उमटल्या. मी खुर्चीभोवती फेऱ्या मारत होतो.

"माझ्याकडे कधी एवढं बघितलं होतं का हो?" बायकोने विचारलं. मी पॉलिशचा डबा बंद करण्यात गुंतलो.

खुर्ची खाली आणली. आबांनी हात फिरवला, हलवून पाहिली. हलली नाही.

"रंग कधी लावतस?"

"आबा, हाच रंग. लाकडाचा."

"उघडी शे ना रे ती. चांगला रंग व्हता, तो बी तू खरडी टाका." मग जवळ येऊन, हळू आवाजात: "लोके म्हनतीन, पोऱ्याले रंग पुरना नही."

आणि भिंतीला धरून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी दुकानातून परतलो तर जिन्यातच वास आला. आम्हा खानदेशी माणसांत ऑइल पेंट उरला तर टाकून देत नाहीत. दाराला लावून उरलेला ट्रंकेला, ट्रंकेचा पलंगाला, पलंगाचा मीटरच्या पेटीला. आमच्या दाराचा आकाशी रंग माळ्यावर होता. आता तो खुर्चीवर होता. आबा स्टुलावर बसून शेवटच्या पायावर ब्रश फिरवत होते.

"मी भाजी आणायला गेले होते," बायको घाईघाईने म्हणाली.

लाखेचं पॉलिश, त्या रेषा, माझी सोललेली बोटं, सगळं आकाशात गेलं होतं. तेवढी बैठक वाचली होती. "जाळीले कोनी रंग लावस का?" आबांनी मलाच विचारलं.

रंग वाळेपर्यंत त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मुलगी जवळून गेली तरी, "आंग आवर!" मग एका सकाळी बोट टेकवून पाहिलं, टॉवेलने धूळ झटकली आणि बसले. रुंद हातांवर हात ठेवून, पाय सरळ, पाठ टेकवून. भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही.

"आते व्हयनी खुर्ची."

बायकोने ताट त्यांच्या हातात दिलं. मी माझं ताट घेऊन शेजारी फरशीवर मांडी घातली. वर पाहिलं तर आकाशी पाय, आकाशी हात आणि त्यांच्यामध्ये भाकरी मोडणारे आबा.

त्यांना माझी कीव आली असावी.

"तुले बी एक खुर्ची लई ये," ते म्हणाले. "रंग मी लाई देसू."