साहेबांच्या बंदुकीची खंडेनवमी

जपानमध्ये सामान्य माणसाकडे बंदूक नसते. तरीही मला गोळी लागली, आणि ती माझ्या साहेबांनी मारली.

साहेब म्हणजे फुजिता-सान. (सान म्हणजे आपलं 'राव'.) ऑफिसात अतिशय शांत माणूस. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी आधी प्रिंटरची माफी मागतील आणि मग कागद ओढतील! पण सुट्टीच्या दिवशी हाच माणूस अंगावर चट्ट्यापट्ट्यांचे कपडे चढवून चिबाच्या जंगलात जातो आणि झाडामागून लोकांवर गोळ्या झाडतो. गोळ्या प्लॅस्टिकच्या, पोतीच्या मण्याएवढ्या. बंदूकही खेळण्यातलीच, पण दिसायला इतकी हुबेहूब, की पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी आपोआप हात वर केले होते.

आणि त्या वर्षी माझा जीव फुजिता-सानांच्या हातात होता. कारण केतकीने, म्हणजे माझ्या बायकोने, दिवाळीची पुण्याची तिकिटं मला न विचारता काढून टाकली होती!

"सलग तीन दिवाळ्या या दोन खोल्यांत काढल्या," ती म्हणाली. "कंदील लावायला गॅलरीत गेलं की वाळत घातलेल्या टॉवेलला लागतो. मी जाणार. तिकिटं परत होत नाहीत. रजेचं तू बघ."

"अगं, प्रोजेक्ट ऐन रंगात आलंय. इथे कोणी दोन आठवड्यांची रजा मागत नाही. लोक ताप आला तर मास्क लावून येतात!"

"मग साहेबांना जेवायला बोलव. पुरणपोळी खाल्लेला माणूस नाही म्हणत नाही."

नेमके तेव्हा माझे सासू-सासरे टोकियोत, निशी-कसाईला आमच्याकडे राहायला आले होते. सासरे, म्हणजे तात्या, बंदुकांच्या कारखान्यात तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्याने केलेल्या वस्तूत खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, अशी नोकरी. (ही नोकरी आमच्या घराण्यात सगळ्याच बायका फुकट करतात.) इथे आल्यावर बुलेट ट्रेन अगदी सेकंदाला आली, तरी तात्या म्हणाले, "वेळेचं ठीक आहे, पण दाराची फट बघा जरा."

मी ऑफिसात सहज बोलून गेलो, की माझे सासरे बंदुका तपासायचे. झालं! फुजिता-सान खुर्चीतून उठले आणि त्यांनी मला नमस्कार केला. तीन वर्षं मी त्यांच्यासाठी कोड लिहितोय, कधी मान हलवली नव्हती. आणि सासऱ्यांच्या नावावर थेट कमरेतून!

"त्यांना माझी बंदूक दाखवता येईल का?" त्यांनी इतक्या हळू विचारलं, की मला वाटलं मुलीचं स्थळ घेऊन आलेत.

मी म्हटलं, शनिवारी जेवायलाच या. शनिवारी खंडेनवमी आहे, हे मला माहीत होतं. ते महत्त्वाचं आहे, हे मात्र कळलं नव्हतं.

शनिवारी दुपारी फुजिता-सान आले, सोबत आमच्याच टीममधले ओनो-सान. दोघांच्या खांद्याला लांबलचक काळ्या पेट्या. शेजारच्या आजींना वाटलं, आमच्याकडे वाद्यवृंद आलाय. त्यांनी कौतुकाने दार लावून घेतलं.

पेट्या उघडल्या. तात्यांनी चष्मा पुसला, फुजिता-सानांची बंदूक हातात घेतली आणि माठ घेताना बायका वाजवतात तशी टिचकी मारून वाजवली.

"प्लॅस्टिक!"

"काय म्हणाले?" फुजिता-सानांनी मला विचारलं.

"वजनाला फार सुबक आहे म्हणाले."

फुजिता-सान फुलले. म्हणाले, ही टोकियोतल्या एका छोट्या कारखान्याची, कारखाना कधीच बंद पडला, आता असं काम होत नाही. ओनो-सान खाली मान घालून, पण ठामपणे म्हणाले, की माफ करा, माझी तैवानची आहे, अख्खी धातूची, किंमतही कमी. फुजिता-सान म्हणाले, माफ करा, पण तैवानच्या बंदुकीचे स्क्रू सैल पडतात. ओनो-सान म्हणाले, माफ करा, पण जपानी बंदुकीचा दांडा थंडीत तडकतो. पुण्यात एव्हाना दोन माणसांनी एकमेकांचं खानदान काढलं असतं. इथे नुसती माफीवर माफी चालली होती, पण दोघांचेही कान लाल झाले होते!

"यांना विचारा," तात्या मला म्हणाले, "खरी बंदूक घ्यायची तर मिळते का इथे साध्या माणसाला?"

फुजिता-सानांनी उसासा टाकला. पिस्तूल तर विसराच. शिकारीची बंदूक मिळते. पण आधी वर्ग, मग परीक्षा, मग डॉक्टरांचा दाखला, मग नेमबाजीची चाचणी. मग पोलीस घरी येतात. शेजाऱ्यांना विचारतात, हा माणूस कसा आहे. बायकोलाही विचारतात.

"बायकोला?" तात्यांचा चष्मा नाकावर घसरला. "मग मिळते तरी कोणाला?"

मी हे शब्दशः सांगितलं. फुजिता-सान म्हणाले, "पोलिसांनी माझ्या बायकोला विचारलं. तेव्हापासून मी खेळण्यातलीच वापरतो."

दोस्तीच झाली दोघांची! तात्यांनी बंदुका आदराने उचलून आतल्या खोलीत, देवापाशी घडीच्या चादरीवर नेऊन ठेवल्या. इथे सांडासांड व्हायला नको म्हणून. आणि आम्ही पुरणपोळीवर बसलो. फुजिता-सानांनी तिसरी पोळी घेतली. केतकी मला डोळ्यांनी खुणावतेय, 'बोल, बोल!' मी घसा खाकरला.

"फुजिता-सान, ते दिवाळीचं..."

तेवढ्यात आतून घंटा वाजली. आधी घंटा, मग उदबत्तीचा वास, मग माझ्या सासूबाईंचा, माईंचा आवाज: "चला रे, आरतीला या सगळे!"

आत जाऊन बघतो तर काय! देवापुढे पाट. पाटावर विळी, केतकीचा लॅपटॉप, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, आणि मधोमध साहेबांची आणि ओनो-सानांची बंदूक. दोन्हींना हळद-कुंकू, वर अक्षता. माईंनी काहीही अर्धवट ठेवलं नव्हतं. कुंकू तेलात कालवून बोटाने नळीच्या आतपर्यंत लावलं होतं!

"माई, हे काय केलंत?"

"खंडेनवमीला पाहुणे हत्यार घेऊन घरी येतात ते कशाला?" माई म्हणाल्या. "पूजेलाच ना! मला वाटलं, किती संस्कारी माणसं आहेत."

मी फुजिता-सानांकडे पाहिलं. ते पांढरेफटक पडले होते. आधी मला कळेना, कुंकवाने इतकं काय होतंय. मग माझं लक्ष हारांकडे गेलं. झेंडू महाग म्हणून माईंनी सुपरमार्केटमधून शेवंती आणली होती. पिवळी आणि पांढरी. जपानमध्ये ही फुलं प्रेताला वाहतात! शेवंती, उदबत्ती, हात जोडून उभी म्हातारी... फुजिता-सानांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या बंदुकीचा अंत्यविधी चालला होता.

ओनो-सानांनी तर खिशातून जपमाळ काढली.

मी घाईघाईने समजावलं. सण आहे, मान आहे, बंदूक जिवंत आहे. फुजिता-सानांच्या चेहऱ्यावर रंग आला. आरती झाली, त्यांनी टाळ्याही वाजवल्या, आणि मग अतिशय नम्रपणे बंदुकीकडे हात नेला.

"अंहं!" माई म्हणाल्या. "पूजेतलं हत्यार आज हलवायचं नाही. उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की न्या."

मी भाषांतर केलं. फुजिता-सान म्हणाले, "असं होय." आणि तसेच उभे राहिले. जपानी माणूस 'असं होय' म्हणून गप्प झाला, की समजायचं आभाळ कोसळलंय. ओनो-सानांनी माझ्या कानात सांगितलं, उद्या सकाळी आठला वार्षिक सामना आहे. विरुद्ध आपलं अकाउंट्स खातं. अकाउंट्स दर वर्षी जिंकतं, आणि मग वर्षभर प्रवासखर्चाची बिलं परत पाठवतं.

"माई, उद्या सामना आहे हो त्यांचा! नेऊ द्या."

"अहो, मी कुठे नाही म्हणते? पण नवमीला उचललं तर अपशकुन. हरले तर माझं नाव येईल."

"इथे साडेतीन तास पुढे आहे," तात्यांनी मध्येच तोंड घातलं. "दशमी पुण्याची धरायची की टोकियोची?"

यावर नवरा-बायकोची जुंपली. माई म्हणाल्या, तिथी पुण्याचीच. तात्या म्हणाले, हत्यार ज्या जमिनीवर, तिथी त्या जमिनीची. केतकीने पुण्याच्या गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, सूर्योदयाला करा, आणि यजमानाचं गोत्र कळवा. मी फुजिता-सानांना गोत्र विचारायला गेलो आणि ऐनवेळी शहाणा झालो.

अखेर ठरलं, की रविवारी सूर्योदयाला उत्तरपूजा. फुजिता-सान आणि ओनो-सान पहाटे आमच्या दाराशी हजर, चट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत, हातात भेट म्हणून खरबुजाचा खोका! उत्तरपूजा झाली, दोघांनी सकाळच्या पारी श्रीखंड-पुरी खाल्ली. फुजिता-सानांनी रुमाल काढून विचारलं, "हे पुसलं तर चालेल का?"

"पुसू नका म्हणावं," माई म्हणाल्या. "शुभ असतं."

मी तसंच सांगितलं. (माणसाच्या आयुष्यात गप्प बसायच्या जागा असतात. मला त्या नंतर दिसतात.)

आणि मग फुजिता-सान म्हणाले, "आमचा एक खेळाडू आजारी आहे. तुम्ही चला."

नाही कसं म्हणणार? रजा अजून मागायची होती! मी कपडे बदलायला निघालो, तर माई आडव्या. "दसऱ्याच्या दिवशी नवा कपडा घालूनच बाहेर पडायचं!" म्हणून मी चिबाच्या जंगलात पांढऱ्याशुभ्र नव्या झब्ब्यात उभा राहिलो. ओनो-सानांनी जास्तीचं जाकीट दिलं, पण त्याची चेन माझ्या पोटावर भेटायला तयार नव्हती. सगळे झुडपांत दिसेनासे झाले. मी मात्र अर्ध्या चिबाला दिसत होतो.

तरी आम्ही जिंकत होतो हो! अकाउंट्सचे सगळे बाद झाले होते, उरला होता एकटा त्यांचा म्होरक्या. तो ओंडक्यामागे लपलेला. मी झुडपात पालथा, माझ्यामागे दोन पावलांवर फुजिता-सान नेम धरून. सकाळपासूनची पहिली गोळी त्यांनी म्होरक्यासाठीच राखून ठेवली होती. म्होरक्याने डोकं वर काढलं. फुजिता-सानांनी श्वास रोखला. वर्षानुवर्षांचा अपमान त्या एका गोळीने धुऊन निघणार होता.

आणि माझा फोन खणखणला! तात्या.

"काय हो, चालली का बंदूक? मला दांड्याबद्दल शंकाच होती."

मी हडबडून फोन बंद केला. इथे राहून एक सवय हाडात मुरली आहे, चूक झाली की आधी वाकायचं. मी उठलो, मागे वळलो आणि साहेबांची माफी मागायला कमरेतून वाकलो. सरळ झालो, तोवर त्यांनी चाप ओढलेला होता.

फट्!

छातीला मुंगी चावल्यासारखं झालं. खाली पाहिलं, तर पांढऱ्या झब्ब्यावर लालभडक डाग! ओला! आता मला रक्त बघून चक्कर येते. रक्त तपासायला गेलो की नर्स आधी मला झोपवते आणि मग सुई काढते. डागाला तांदूळ का चिकटलेत, हा विचार डोक्यात येईपर्यंत डोकं जमिनीवर होतं.

शुद्धीवर आलो तेव्हा भोवती दोन्ही खात्यांची माणसं गुडघे टेकून, माना खाली घालून बसली होती. सगळ्यांत पुढे फुजिता-सान, कपाळ मातीला टेकवून. मला वाटलं, संपलो मी. आता शेवंती आणतील.

"कुंकू..." मी पुटपुटलो.

"बायकोचं नाव घेतोय," कोणीतरी हळहळलं.

उठून बसलो आणि सगळं समजावलं. पंचांनी डागाचा वास घेतला, एक तांदूळ उचलून उजेडात धरला आणि जाहीर केलं, की तांदूळ नियमात बसत नाही, सामना रद्द! अकाउंट्सचा म्होरक्या ओंडक्यामागून ठणठणीत बाहेर आला. फुजिता-सानांनी बंदूक पुसून पेटीत ठेवली. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "असं होय."

घरी येऊन केतकीला सांगितलं, "तिकिटं विसर. आता दिवाळीलाच काय, माझ्या साठीलाही रजा मिळणार नाही."

सोमवारी मी जीव मुठीत धरून त्यांच्यासमोर उभा राहिलो. "फुजिता-सान, दिवाळीला दोन आठवडे रजा..."

"दिवाळी कधी आहे?"

मी सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा कॅलेंडरकडे.

"त्या दिवसांत तुम्ही नक्की जपानमध्ये नसाल?"

"नाही."

"विमान रद्द झालं तर?"

"दुसऱ्याने जाईन."

"घ्या," ते म्हणाले. "तीन आठवडे घ्या!"

मी पेढे घेऊन घरी गेलो. माई म्हणाल्या, पूजेचं पुण्य. तात्या म्हणाले, माझी ओळख. मी म्हटलं, तीन वर्षं घाम गाळलाय, किंमत आहे माणसाची. छाती फुगवून पुण्याला गेलो. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी चकलीचा पहिला तुकडा तोंडात घातला आणि फुजिता-सानांचा मेसेज आला:

"फेरसामना आज झाला. आपण जिंकलो. पुढच्या वर्षीचा सामनाही दिवाळीतच ठेवत आहोत; तुम्ही अवश्य घरी जावं, ही संघाची नम्र विनंती."

खाली संघातल्या सगळ्यांची नावं होती. ओनो-सानांचं दोनदा.