तात्यांचा डोळा आणि सरांची घसरगुंडी

आमच्या मुलुंडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटला थेंब घालून तासभर डोळे मिटून बसवतात. आणि माणसाचे डोळे मिटले की तोंड उघडतं! वीस वर्षं मी इथे ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. किस्से किती साठले असतील, विचारूच नका.

त्यात आमचे सर. सर्जन म्हणून हात झकास, पण डोक्यात सतत कसलं तरी यंत्र!

*

एकदा स्टाफसाठी मी घरून इडलीपात्र आणलं. इडल्या संपतायत तोच सरांनी ते पळवलं. वाफेत ठेवलेली नाजूक हत्यारं एकमेकांवर आपटतात, ती म्हणे या खळग्यांत सुटी सुटी राहतील. पुढे त्यांनी तसा स्टीलचा ट्रे बनवून घेतला आणि पहिला मलाच भेट दिला.

"सर, माझं पात्र?"

"अगं, हे त्याच्यापेक्षा भारी आहे!"

असेल. इडल्या होत नाहीत ना त्यात!

*

एक रिक्षावाले लायसन्ससाठी डोळे तपासायला आले. खुर्चीत बसले आणि भिंतीवरच्या तक्त्यावरची सगळी अक्षरं धडाधड म्हणून मोकळे. एक चूक नाही!

सर म्हणाले, "व्वा! आता लाईट लावतो, मग परत वाचा."

रांगेत ऐकून ऐकून पाठ केलं होतं बेट्यानं. त्याच रविवारी सरांनी जुन्या पंख्याची मोटर लावून फिरता तक्ता केला.

*

मग आले तात्या. मूळचे मालवणकडचे, घाटकोपरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखणारे. दोन्ही डोळ्यांत पिकलेले मोतीबिंदू आणि पाठ पार वाकलेली. उताणं झोपता येत नाही म्हणून दोन ठिकाणांहून परत पाठवलेलं. पुतण्या कारखाना चालवतो. त्यानं सांगून टाकलं होतं, यंदा आखणीला दुसरा माणूस बघतो.

"माझो हात अजून थरथरणा नाय गो," तात्या मला म्हणाले. "फक्त दिसणा नाय."

मला भरून आलं. सर मात्र फूटपट्टी घेऊन त्यांच्या पाठीचं माप घेत होते!

*

रिक्षाच्या सीट शिवणाऱ्याकडून सरांनी एक गादी करवून घेतली. मध्ये कुबडापुरता खड्डा, पायाकडून चांगली उंच, म्हणजे पाठ वाकलेली असली तरी तोंड छताकडे राहील.

"सुमन, झोप बघू यावर."

झोपले. आणि डोक्याकडून सुळ्ळकन खाली! हाताला सरांचा टाय लागला, तोच धरला.

"कसं वाटतंय?" सरांनी घुसमटत विचारलं.

"लहानपणीची घसरगुंडी आठवली, सर!"

दुसऱ्या दिवशी गादीला पट्टे लागले.

*

त्या गादीवर ऑपरेशनचा अर्धा तास तात्या निवांत पडून होते. घाम आम्हालाच फुटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डोळ्याची पट्टी काढली. पुतण्या शेजारी उभा. सरांनी तीन बोटं समोर धरली. "तात्या, किती?"

तात्यांनी बोटांकडे बघितलंच नाही. वाट लागली, म्हटलं!

तात्या उठले. सरांची हनुवटी धरली, तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. मान इकडून तिकडून करत बराच वेळ निरखत राहिले.

"डॉक्टर, तुमचो डावो डोळो सूतभर खाली गेलो हा."

सरांचा हात आपसूक डाव्या डोळ्याकडे गेला.

तात्यांनी त्यांच्या गालावर थोपटलं. "आसांदे. आता रंग सुकलो!"