उपयोग विचारू नये

सूर्य पूर्वेला उगवतो याबद्दलही पुण्यात दुमत होऊ शकतं, पण माझ्या बायकोच्या मामांइतका रशियन माणूस खुद्द रशियातही उरलेला नाही, याबद्दल आमच्या घरात एकमत आहे. मामा रशियाला कधी गेले नाहीत. कात्रजच्या पलीकडे गेले की त्यांचं पोट बिघडतं. पण जुन्या रशियन कादंबरीवर बोलायला लागले की भर एप्रिलात, कर्वेनगरच्या गच्चीवर, ऐकणारा स्वेटर शोधायला लागतो. आयुष्यभर त्यांनी एका संस्थेत रशियन शिकवलं. मग तिकडे तो देश मोडला, इकडे बाजार उघडला, आणि मुलं आधी जर्मनकडे, मग जपानीकडे आणि शेवटी सरळ कंप्युटरच्या जावाकडे निघून गेली. संस्थेनं वर्ग बंद केला तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "देश मोडला म्हणून कादंबरीची पानं गळत नाहीत."

मामा कुणालाही नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. रशियन रीत म्हणून नाव आणि पाठोपाठ वडिलांचं नाव. मंडईत वांगी घ्यायची तरी आधी विकणाऱ्याच्या वडिलांची चौकशी होते, भाव नंतर. लग्न झालेल्या बाईनं सवयीनं नवऱ्याचं नाव जोडलं तर "यजमान असू द्यात, वडील कोण?" असं विचारतात. ऑफिसात कुणाचंही ऐकून न घेणारी माझी बायको मामांच्या तोंडून आपल्या वडिलांचं नाव ऐकताना लहान मुलीसारखी बसलेली असते. रशियन कादंबरीत एकेका माणसाला तीन-तीन नावं, लक्षात कशी ठेवायची, अशी कुणी तक्रार केली की त्यांचं उत्तर ठरलेलं. "घरी बाळ्या, कचेरीत जोशीसाहेब, लग्नपत्रिकेत चिरंजीव पुरुषोत्तम. म्हणून अक्षता कधी भलत्याच्या डोक्यावर टाकल्यात का?"

माणसानं जगायचं कशासाठी, हा प्रश्न त्यांना वेळीअवेळी पडतो. आमच्या वास्तुशांतीला बिल्डर मोठ्या हौसेनं फ्लॅट दाखवत होता. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन बेडरूम कशासाठी ते कळलं. आता आत राहणारा माणूस कशासाठी, तेवढं सांगा." बिल्डर लिफ्ट दाखवायला निघून गेला. विद्वानांचीही गत वेगळी नाही. एका चर्चासत्रात एका तरुण प्राध्यापकानं नायकाच्या मरणाची रचना फळ्यावर आकृती काढून समजावली. मामा उठले. "विवेचन उत्तम. पण तो मेला तेव्हा आपल्याला काही वाटलं का? नसेल, तर आपल्याला पुन्हा वाचावं लागेल." त्यांना समीक्षेचं वावडं आहे असं मुळीच नाही. समीक्षाग्रंथांमुळे मामींना घरात लोणच्याच्या बरण्या ठेवायला जागा उरलेली नाही. पण मामांच्या मते कादंबरी एकदा गोष्टीसाठी वाचावी, दुसऱ्यांदा ती कशी रचली आहे हे बघायला, आणि तिसऱ्यांदा स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून. तिसऱ्या वाचनापर्यंत फारसं कुणी पोचत नाही.

निवृत्तीनंतर मामांनी सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारचा वर्ग सुरू केला. बाहेर पाटी होती: "येथे रशियन भाषा व साहित्य शिकवले जाते. शंका जरूर विचाराव्यात. उपयोग विचारू नये." साहजिकच गर्दी बेताची. सोसायटीचे चेअरमन म्हणजे ज्यांच्या शेतावर या इमारती उभ्या राहिल्या ते गृहस्थ. मोठा दिलदार माणूस, पण तेही एकदा येऊन म्हणाले, "सर, हाल कुणाला द्यायचा ह्यो प्रश्न हाय. तुमच्याकडं चार डोकी बसत्यात. कंप्युटर क्लासवाला बी मागतोय. माणसं दाखवा, हाल तुमचा." त्या दिवसापासून मामांचं जेवण कमी झालं. वर्ग गेला तर या माणसाचं काय उरणार, ही धास्ती मला आणि बायकोला होती. मामींना ती आमच्या आधीपासून होती.

पुढच्या रविवारी हॉल तुडुंब भरला. नागपूर, वर्धा, अमरावतीहून नोकरीसाठी आलेली पोरं-पोरी, कुणी कंपनीत लागलेले, कुणी लागू पाहणारे. मामा फुलून आले. नऊशे पानांच्या कादंबरीचं पहिलं पान त्यांनी उघडलं. रागावून घर सोडलेला एक म्हातारा कारकून भावाची माफी मागायला बर्फातून चालत निघतो. मामांनी त्याला इतकं चालवलं, की दारात उभे असलेले चेअरमनही वहाणा काढून आत आले. मग मागच्या रांगेतल्या मुलानं विचारलं, "सर, परदेशी नोकरीचे, ऑनसाइटचे कॉल्स कधी चालू होतील?"

मामा बाहेर जाऊन पाटी वाचून आले. पाटी नवी होती: "रशियन शिका. परदेशी कंपन्यांत मोठी मागणी." अक्षर मामींचं, शाळेच्या फळ्यावर वळण लागलेलं. मामा गप्प बसते तर हॉल त्यांचाच होता, माणसं दाखवायची अट पुरी झाली होती. त्यांनी चष्मा पुसला. "पाटी चुकली आहे. चूक माझी. या भाषेमुळे नोकरी मिळेल असं मी सांगू शकत नाही. आपला रविवार मोडला, क्षमा करा." पोरं कुजबुजत उठली. चेअरमननी मान खाली घातली आणि वहाणा घातल्या. मला मामांचा इतका अभिमान आणि इतका राग एकाच वेळी कधी आला नव्हता.

वर्ध्याची एक मुलगी तेवढी बसून राहिली. हजेरी घेताना पाठ केलेल्या नावानं मामांनी तिला विचारलं, "अश्विनी सुधाकर, आपण गेला नाहीत?"

"जॉबचं जाऊ द्या ना सर," ती म्हणाली. "त्या बुढ्याचं समोर काय झालं, ते तर सांगा. भाऊ भेटला का त्याला?"

प्रत्येकाला उत्तर देणारे मामा पानं चाळू लागले. हातात पुस्तक होतं, पण त्यांना पान सापडेना.

हॉलमध्ये आता कंप्युटर क्लास आहे. मामांचा वर्ग स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरतो. पाटीबद्दल मामा मामींना एका शब्दानं बोलले नाहीत, फक्त आता वर्गाला बसताना त्यांच्यासाठीही एक खुर्ची ओढून ठेवतात. हल्ली मामांचे डोळे लवकर थकतात, म्हणून अश्विनी वाचते, अडखळत का होईना, या काही वर्षांत शिकलेल्या रशियनमधून. मामा डोळे मिटून ऐकतात. कादंबरीची थोडीच पानं उरली आहेत, आणि ती संपल्यावर पुढे काय, हा विषय दोघांपैकी कुणीच काढत नाही. परवा मी दाराशी उभा होतो. परिच्छेद संपला, तिनं पान उलटायला हात घातला, तर मामा हळूच म्हणाले, "थांब जरा. तेवढं परत वाच."