रम्सीनाने परत केलेलं सामान

शारजाच्या आमच्या इमारतीत कुणी गावी निघालं, की त्याच्या बॅगेत आधी शेजाऱ्यांचं सामान भरलं जातं. जागा उरली तर त्याचे कपडे. मोइदूची मुलगी रम्सीना केरळात शिकायला निघाली असं कानावर आलं, तेव्हा मीही बहिणीसाठी घेतलेल्या साड्या घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

दार तिनंच उघडलं.

"अभिनंदन गं! कोझिकोडच्या कॉलेजात निघालीस म्हणे."

"मी?" तिचा चेहराच उतरला. "कोण म्हणालं, ओमना चेची?" इमारतीतली पोरं मला चेची, म्हणजे ताई म्हणतात.

तिच्यामागे दूध पावडरचे डबे, खजूर, बाम, कुणाच्या तरी नातवाचे बूट असा ढीग पडला होता. पोरीला वाटलं होतं, उप्पा, म्हणजे तिचे वडील, एकदाचे गावी निघाले. सकाळपासून खुशीत होती बिचारी.

मोइदूचं कॅफेटेरिया इमारतीच्या तळमजल्यावर. मुलींची शाळा दुपारी सुटली, की रम्सीना तिथे गल्ल्यामागे बसून गृहपाठ करायची आणि गिऱ्हाइकांशी अस्सल अरबीत भांडायची. सुट्टीत उम्मा, तिची आई, गावी न्यायची, तेव्हा चुलत भावंडं तिच्या मल्याळमला हसायची. बारावीनंतर तिनं इथल्याच विद्यापीठात भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळवला, तोही फीमाफीसह. वाळवंटाखालचं पाणी शोधायचं होतं तिला. आणि बापानं परस्पर गावाकडच्या कॉलेजात जागा घेऊन ठेवली! अख्ख्या गल्लीला सांगून मोकळा झाला, घरात तोंड उघडायची मात्र हिंमत नाही.

संध्याकाळी ती पिशव्या भरून दारोदार निघाली. "हे तुमचं. मी जात नाहीये."

"बापाचा शब्द मोडतेस?" वरच्या मजल्यावरच्या मरियम्मानं विचारलं.

"शब्द त्यांनी दिलाय. मी कुठे दिला?"

साड्या परत आल्या तेव्हा मला रागच आला. खोटं कशाला बोलू! "अगं, आपण इथे व्हिसावर," मी म्हटलं. "उद्या जा म्हणाले तर?"

"तर उद्या जाईन, चेची. आज का जाऊ?"

मी साड्या काखेत मारून तिच्या मागोमाग कॅफेटेरियात गेले.

मोइदू तव्यापाशी होता. "चारचौघांत तमाशा नको, मोळे," लेकीला बघताच तो म्हणाला.

"चारचौघांत तुम्हीच सांगितलंत, उप्पा. फक्त मला सांगायचं राहिलं."

"तुझ्या भल्यासाठीच ना! परदेशात किती दिवस काढणार? आपल्या माणसांत शिक."

"माझी माणसं ही इथे चहा पितायत. मी परदेशात कधी राहिलेच नाही. तुम्ही राहिलात."

मग तिनं शेवटची पुडी गल्ल्यावर ठेवली. मोइदूनं आपल्या आईसाठी बांधलेलं गुडघ्याचं तेल. "उम्मुम्मा दर फोनला विचारते, मोइदू कधी येतोय. मी कधी येतेय असं तिनं एकदाही विचारलेलं नाही. हे तुमचं तुम्हीच घेऊन जा."

तव्यावरचा पराठा करपला, तरी मोइदू हलला नाही. कॅफेटेरिया उघडल्यापासून त्यानं आईचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

"दुकान कोण बघेल?" हे त्याचं नेहमीचंच.

"मी बघेन. पण कॉलेजची बस येईपर्यंत."

"आणि त्यानंतर?"

तिनं माझ्याकडे बघितलं. साड्या अजून माझ्या काखेतच होत्या. मी त्या मोइदूच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हटलं, "त्यानंतर मी."

विद्यापीठ उघडलं त्याच आठवड्यात मोइदू गावी गेला. बॅगेत साड्या, बूट, बाम, सगळं परत भरलं. त्याचे दोन शर्ट कसेबसे कोपऱ्यात मावले. रम्सीनाची बस आली, पोरगी पुस्तकं उचलून पळाली आणि मी गल्ल्यावर बसले.

"मोइदूची मुलगी परदेशी शिकायला जाणार होती ना?" एका अरब गिऱ्हाइकानं विचारलं.

"नाही गेली," मी म्हटलं. "घरीच राहून शिकतेय."