मागच्या भिंतीतली बाई

फेर्मिन जिना शेवटचा उतरला त्याला दोन हिवाळे झाले. खुबा मोडल्यापासून तो वरच्या खोलीतच होता. जिना इतका अरुंद आणि वळणाचा, की खुर्चीसकट माणूस खाली नेता येत नसे.

जिना सरळ करायला त्याच्या बायकोनं, एउलालियानं, गवंडी सेव्हेरोला बोलावलं होतं. जिन्याखालचा गिलावा निघाला आणि आतून अरबांच्या काळची विटांची कमान दिसली.

"वहिनी, आत्ताच्या आत्ता लिंपून टाकतो," सेव्हेरो म्हणाला. "गावात प्रत्येकानं काही ना काही लिंपलंय."

पण एउलालियाला केवढा अभिमान! ओल्या हातांनीच ती महापौरांना सांगायला धावली. प्रांताच्या कचेरीतून एक बाई आल्या, मोजमापं झाली, पाटी लागली आणि जिन्याला हात लावायला बंदी झाली. आता दर शनिवारी पाहुणे कमान बघायला येत. वरून फेर्मिन ओरडे, "इथं अजून एक जुना अवशेष आहे, फुकट बघा!"

गाव उतारावरचं. वरच्या खोलीची मागची भिंत वरल्या गल्लीलाच लागून होती, पण बहुतेक सगळा खडक. फेर्मिनला थेट गल्लीत नेता येईल असं दार काढायला जागा एकच. मार्चमधल्या एका सकाळी, कचेरीत कुणाला न विचारता, सेव्हेरो छिन्नी-हातोडा घेऊन आला.

तिसऱ्या घावाला मोठी खपली पडली. आत रंगवलेला चेहरा होता. बाईचा, डोक्यावर लाल पदर, डोळे मोठे.

"बघतोस काय? फोड," एउलालिया म्हणाली.

सेव्हेरोनं टोपी काढली. "माझ्याच्यानं नाही व्हायचं, वहिनी."

"कमान लिंपायला तर निघाला होतास!"

"लिंपणं वेगळं."

तिनं त्याच्या हातातून हातोडा ओढला.

"एउलालिया, नको," पलंगावरून फेर्मिन म्हणाला.

"दोन वर्षं गल्ली गल्ली करून माझा जीव खाल्लास, आणि आता नको?"

"किती जुनी असेल बिचारी. नको ना."

हात वर धरून ती तशीच उभी राहिली. मग हातोडा धाडकन जमिनीवर टाकला.

"बसा मग तू नि ही बाई, दोघं कोंडून!"

सेव्हेरो चुना कालवायला लागला.

"जाड लाव," ती म्हणाली. "त्या कचेरीतल्या बाईला कळलं, तर ही खोलीसुद्धा जायची."

"डोळे शेवटी झाक," फेर्मिन म्हणाला.

सेव्हेरोनं तसंच केलं.